कोळशाच्या थरातला गॅस, गावच्या विहिरी आणि सोडियमचं पाणी

रानजाई (नाशिक)
३ नोव्हेंबर, रात्री ९.५०

माझा धाकटा भाऊ मध्य प्रदेशात शहडोलला असतो, कोळसा खाणीच्या वसाहतीत. भाऊबीजेला आला तेव्हा त्याने फोनमधले काही फोटो दाखवले. भाताच्या खाचरांमध्ये तारेचं कुंपण, आत जमिनीतून वर आलेलं लोखंडी तोंड, शेजारी पंप आणि जरा पलीकडे काळं प्लास्टिक अंथरलेलं, काठोकाठ भरलेलं तळं. सासूबाई म्हणाल्या, हे तर आपलं शेततळंच. भाऊ म्हणाला, नाही मावशी, हे पाणी काहीशे मीटर खालून, कोळशाच्या थरातून उपसलेलं आहे. गॅस हवा म्हणून आधी पाणी काढतात.

तिथल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने त्याला दोन गोष्टी विचारल्या होत्या. हे पाणी उन्हाळ्यात मिळालं तर शेताला घ्यावं का? आणि या उपशाने आमच्या विहिरी खाली जातील का? भावाने ते प्रश्न माझ्याकडे आणले, कारण घरात पाण्याचे आणि देठ परीक्षणाचे रिपोर्ट मी वाचते.

आमची बाग निफाड तालुक्यात आहे. काही वर्षांपूर्वी विहीर कमी पडली म्हणून बोअर घेतली. पाणी चवीला गोड लागलं, घरात सगळे खूश. तीन उन्हाळे ते पाणी बागेला दिलं. मग वेलींच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. त्याहून वाईट म्हणजे जमीन पाणी पिईना. ड्रिपरखाली तासन्‌तास थारोळं साचून राहायचं आणि वाळलं की वर फरशीसारखी पापडी धरायची. वाफसा कधी आलाच नाही. तपासणीत सोडियम निघालं. वीस गुंठे बाग तोडावी लागली. जिप्सम टाकलं, धैंचा गाडला, तरी त्या तुकड्याला ताळ्यावर यायला चार पावसाळे लागले. चवीला गोड ते पाणी चांगलं, हा समज आमच्या घरात त्या वीस गुंठ्यांवर मोडला.

म्हणून भावाला तोंडाला येईल ते उत्तर द्यायला मन धजत नाही. इथे भूजलातले, गॅसमधले, परदेशातले लोक आहेत. कोळशाच्या थरातून गॅस काढताना पाण्याचं नेमकं काय होतं ते नीट समजून घ्यायचं आहे. तिथल्या कुणावर आरोप करायला धागा काढलेला नाही.

---

ओंकार_सातपूर
३ नोव्हेंबर, रात्री १०.३०

मुळात गॅस काढायला पाणी का उपसावं लागतं? तेलाच्या विहिरीत भोक पाडलं की दाबाने आपोआप वर येतं ना?

---

वायूवाट (सध्या पुणे)
४ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

मी सहा वर्षं पश्चिम बंगालात राणीगंज भागात कोल बेड मिथेनच्या, म्हणजे कोळशाच्या थरातल्या गॅसच्या विहिरींवर काम केलं आहे, म्हणून हे मी सांगतो.

तेलाच्या विहिरीत गॅस खडकाच्या पोकळीत मोकळा असतो. कोळशात तसं नसतं. कोळसा आतून अतिशय बारीक छिद्रांचा असतो आणि मिथेन त्या छिद्रांच्या भिंतींना चिकटून बसलेला असतो. त्याला तिथे धरून ठेवतो तो पाण्याचा दाब. कोळशाच्या थरात उभ्या बारीक भेगांचं जाळं असतं, त्यांना क्लीट म्हणतात, आणि त्या भेगा पाण्याने भरलेल्या असतात. सोड्याची बाटली डोळ्यांसमोर आणा. झाकण घट्ट आहे तोवर वायू दिसत नाही, झाकण सैल केलं की बुडबुडे सुटतात. इथे झाकण सैल करणं म्हणजे भेगांतलं पाणी उपसणं.

त्यामुळे नव्या विहिरीतून सुरुवातीला जवळजवळ पाणीच येतं. काही महिने पंप चालतो, पाणी कमी होत जातं, गॅस वाढत जातो, मग काही वर्षांनी गॅसही उतरणीला लागतो. एका विहिरीचं आयुष्य साधारण दहा-वीस वर्षं.

भारतात याचं धोरण १९९७ साली आलं. व्यापारी उत्पादन २००७ साली राणीगंजच्या दक्षिण भागातून सुरू झालं. शहडोलकडच्या सोहागपूर क्षेत्रातलं २०१७ साली. तो गॅस तीनशे किलोमीटरच्या पाइपलाइनने उत्तर प्रदेशात फूलपूरला जोडलेला आहे.

आता रानजाईताईंच्या प्रश्नाबद्दल. गावच्या विहिरी दहा-पंधरा मीटरच्या, फार तर बोअर शंभर मीटरची. कोळशाचा थर त्याच्या कितीतरी खाली. मधे शेलचे, म्हणजे चिकणमातीपासून बनलेल्या खडकाचे जाड थर असतात, ते पाणी सहज जाऊ देत नाहीत. विहिरीला केसिंग म्हणजे आतून नळीचं अस्तर असतं आणि केसिंगच्या बाहेरून सिमेंट भरलेलं असतं. काम नीट झालं असेल तर वरच्या पाण्याला धक्का लागू नये. आणि एक गोष्ट विसरू नका. खाणीत साठणाऱ्या याच मिथेनने माणसं मारली आहेत. १९६५ साली धोरी खाणीच्या स्फोटात अडीचशेहून जास्त कामगार गेले. खाण सुरू करण्याआधी गॅस काढून घेणं म्हणजे पुढे खाली उतरणाऱ्यांचा जीव वाचवणं आहे.

---

भूजलकाका (नाशिक)
४ नोव्हेंबर, दुपारी १२.०५

वायूवाट, छान मांडलंत. "काम नीट झालं असेल तर" या पाच शब्दांवर मात्र सगळं तोललेलं आहे, म्हणून थोडं पुढे नेतो. माझी नोकरी भूजल सर्वेक्षणात गेली. बेसॉल्टमध्येच जास्त, पण दोन वर्षं विदर्भात गोंडवाना, म्हणजे कोळसा असलेल्या जुन्या गाळाच्या खडकांतही काढली.

नाशिककरांना आपल्या विहिरीतूनच सांगतो. विहीर खोदताना वर मुरूम लागतो, मग मांजऱ्या म्हणजे छिद्रांचा खडक, मग काळा पाषाण, कुठे मधे लाल गेरूचा पट्टा. पाणी मांजऱ्यात आणि भेगांत असतं, पाषाण कोरडा. एका थरातलं पाणी खालच्या थरात जाईल की नाही ते मधल्या थराच्या शाबूतपणावर ठरतं. गेरू अखंड असेल तर वरची विहीर भरलेली राहते आणि खालची बोअर कोरडी जाते. त्याच गेरूतून कुणी केसिंगशिवाय बोअर मारली की वरचं पाणी रात्रंदिवस खाली गळतं. चांदवड-देवळा पट्ट्यात हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. शेजाऱ्याने बोअर घेतली आणि पन्नास फुटांवरची जुनी विहीर आठवड्यात आटली.

कोळशाच्या मुलखात मधला थर शेलचा. तो अखंड असेल तिथे वायूवाट म्हणतात ते खरं. पण गोंडवाना खोऱ्यांत प्रस्तरभंग खूप, म्हणजे थर तुटून वरखाली सरकलेले असतात आणि त्या तुटीच्या रेषेने पाण्याला वाट मिळू शकते. त्यातून कोळशाचा शोध घेताना अशा भागांत पूर्वी असंख्य भोकं पाडलेली असतात. ती सगळी तळापासून सिमेंटने बुजवली असतील असं नाही. जुनं न बुजवलेलं भोक हीच पाण्याची आणि गॅसची सर्वांत सोपी वाट. कमी झिरपणाऱ्या कोळशाच्या थरात दाबाने पाणी आणि वाळू घालून भेगा रुंदावतात, तेव्हा ती भेग कुठवर गेली हेही बघावं लागतं.

आता नदी. लोक नदीचा विचार फक्त "घाण पाणी सोडलं का" एवढाच करतात. पावसाळ्यानंतर नदी वाहते ती बाजूच्या जमिनीतून झिरपून येणाऱ्या पाण्यावर. गोदावरीवर धरणं नसती तर डिसेंबरनंतर ती त्याच पाझरावर चालली असती. भूजलाची पातळी नदीच्या पात्राखाली गेली की उलटा खेळ सुरू होतो, नदी जमिनीला पाणी द्यायला लागते. हे एका वर्षात दिसत नाही. खोल थरातला दाब कमी झाल्याचा परिणाम वरच्या थरापर्यंत पोचायला कधी दहा, कधी तीस वर्षं लागतात. तोवर गॅस संपलेला असतो आणि विचारायला कुणी समोर नसतं.

अमेरिकेत पावडर रिव्हर खोऱ्यात तर कोळशाचा थर हाच तिथल्या पशुपालकांचा पाण्याचा थर होता. ज्या थरातून गुरांना पाणी मिळायचं त्याच थरातून गॅससाठी पाणी उपसलं गेलं. पुढे गॅसचे भाव पडले आणि तिथे हजारो विहिरी बेवारस राहिल्या. त्या बुजवायचं काम राज्य सरकारच्या अंगावर आलं. आपल्याकडे खोली जास्त आहे, म्हणून ते चित्र जसंच्या तसं इथे लावू नये. पण शहडोलच्या त्या शेतकऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा, की गॅसची विहीर कुठल्या थरात आहे, माझी कुठल्या थरात आहे आणि मधे काय आहे.

---

दिंडोरीचे_मास्तर
४ नोव्हेंबर, रात्री ८.२०

रानजाईताईंच्या पहिल्या प्रश्नाला हात घालतो, शेताला हे पाणी चालेल का. मी रसायनशास्त्र शिकवतो आणि घरी चार एकर द्राक्ष आहे.

कोळशाच्या थरातल्या पाण्याची एक ठरलेली ओळख असते. त्यात सोडियम आणि बायकार्बोनेट भरपूर, कॅल्शियम-मॅग्नेशियम नावाला, आणि सल्फेट जवळजवळ नाही. मिथेन तयार करणारे जिवाणू सल्फेट संपल्याशिवाय कामाला लागत नाहीत, म्हणून जिथे मिथेन तिथे सल्फेट नाही. आणि बायकार्बोनेट वाढलं की कॅल्शियम चुन्यासारखं खाली बसतं, पाण्यात उरतं ते सोडियम. थोडक्यात, खाण्याचा सोडा विरघळवलेलं पाणी.

एक उदाहरण मांडतो. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, कुठल्या विहिरीचे नाहीत. समजा लिटरमागे सोडियम २० मिलिइक्विव्हॅलंट (पाण्याच्या रिपोर्टमध्ये क्षार एकमेकांशी ताडून बघायचं एकक), कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून १, बायकार्बोनेट २०. विरघळलेला सोडा झाला लिटरमागे साधारण १६८० मिलिग्रॅम. वाळवून मोजला तर आणखी कमी भरेल, कारण तापवल्यावर बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं. तेल आणि वायू उत्खननाचं पाणी बाहेर सोडायचं तर आपल्याकडे एकूण क्षारांची मर्यादा लिटरमागे २१०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे क्षारांच्या रकान्यात हे पाणी पास!

आता द्राक्षवाले बघतात ते रकाने बघा. एसएआर म्हणजे सोडियम भागिले कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या निम्म्याचं वर्गमूळ. २० भागिले ०.७, म्हणजे २८. सव्वीसच्या वर गेलं की अति धोक्याचं धरतात. आरएससी म्हणजे बायकार्बोनेटमधून कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा, ते आलं १९. अडीचच्या वर सिंचनाला अयोग्य. पाणी बाहेर सोडायच्या त्या नियमांत सोडियमच्या टक्केवारीचीही मर्यादा आहे, ६०. आपल्या उदाहरणात ती ९५ येते. म्हणून रिपोर्ट हातात आला की टीडीएसच्या, म्हणजे एकूण क्षारांच्या आकड्यावर थांबू नका, सोडियमची टक्केवारी आणि आरएससी विचारा.

जिप्सम टाकून वापरू असं कुणी म्हणेल, तर तोही हिशेब करून पाहा. आरएससीचा एक मिलिइक्विव्हॅलंट मारायला लिटरमागे ८६ मिलिग्रॅम शुद्ध जिप्सम लागतं. एका एकराला पाच सेंटीमीटरची एक पाळी दिली तर सुमारे दोन लाख लिटर पाणी. १९ चं शून्य करायला एका पाळीला ३३० किलो जिप्सम. गव्हाला पाच-सहा पाळ्या धरा.

आणखी एक फसवी गोष्ट. असं पाणी देताना उन्हाळाभर जमीन बरी वाटते, कारण पाण्यातले क्षार मातीचे कण धरून ठेवतात. खरा तडाखा मृगाच्या पहिल्या पावसाला बसतो. पावसाचं निव्वळ पाणी क्षार धुऊन नेतं, सोडियम मातीला चिकटलेलं राहतं, कण सुटे होऊन भेगा लिंपतात आणि जमीन चोपण होते. काळी माती जितकी चिकण तितकं हे लवकर होतं.

---

चांदवडकर
४ नोव्हेंबर, रात्री ९.०५

मास्तर, शेवटचा परिच्छेद वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे अगदी असंच झालं. जूनमध्ये शेतात पाणी तुंबलं, आम्ही पावसाला दोष देत बसलो. ताई, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार.

---

दक्षिणवारा (टूवूम्बा, क्वीन्सलंड)
५ नोव्हेंबर, सकाळी ६.४०

मूळचा मी नाशिकरोडचा, गेली चौदा वर्षं इथे. इथून पश्चिमेला गाडीने दोन-तीन तास गेलं की चिंचिला. तो सगळा भाग कोळशाच्या थरातल्या गॅसचा. तिथला गॅस ग्लॅडस्टनला नेऊन द्रवरूपात निर्यात होतो. गॅसचे थर वॉलून नावाच्या कोळशाच्या खडकात आहेत. त्यांच्या वर काही ठिकाणी कॉन्डामाइन नदीचा गाळाचा थर येतो आणि तो गाळ म्हणजे इथल्या कापूस-ज्वारीवाल्यांचा जीव की प्राण. खाली-वर ग्रेट आर्टेशियन बेसिनचे पाण्याचे थर आहेत. म्हणजे भूजलकाकांनी सांगितलेला प्रश्नच इथे फार मोठ्या आकारात उभा आहे.

इथल्या कायद्यात मला एक गोष्ट मोलाची वाटते. गॅस कंपनीने उपसा सुरू करण्याआधी आसपासच्या शेतकऱ्यांच्या बोअर तपासून नोंदवायच्या. किती खोल, पाणी किती फुटांवर, पाण्यात काय काय, गॅस आधीपासून आहे का. नंतर एका सरकारी कार्यालयाने सगळ्या कंपन्यांचा उपसा एकत्र धरून अंदाज बांधायचा, की कुठली बोअर किती उतरेल. पक्क्या खडकातल्या बोअरची पातळी पाच मीटरपेक्षा आणि गाळातल्या बोअरची दोन मीटरपेक्षा जास्त उतरणार असेल, तर कंपनीने शेतकऱ्याशी करार करून भरपाई करायची. बोअर खोल करून द्या, नवी द्या, पाणी दुसरीकडून आणा, नाहीतर पैसे. पाणी आटण्याची वाट न बघता अंदाजावरच जबाबदारी लागू होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. माझ्या ओळखीच्या एका शेतकरी कुटुंबाच्या बोअरमध्ये गॅस यायला लागला. पंप हवा धरतो, पाणी धक्के देत येतं. खोल थरातला दाब कमी झाला की सुटलेला गॅस सगळाच गॅसच्या विहिरीकडे जात नाही, वाट मिळेल तिकडे चढतो. करार करताना त्यांना दीड वर्ष वकिलाच्या दारात जावं लागलं.

कॉन्डामाइन नदीत बुडबुडे येतात हे २०१२ पासून चर्चेत आलं. २०१६ साली न्यू साउथ वेल्सच्या विधान परिषदेचे सदस्य जेरेमी बकिंगहॅम यांनी होडीतून त्या बुडबुड्यांना काडी लावली आणि पाण्यावर ज्वाळा पेटल्याचा व्हिडिओ जगभर फिरला. तुम्हीही पाहिला असेल. पण कारणावर इथे आजही एकमत नाही. त्या भागात कोळसा जमिनीच्या जवळ येतो, नैसर्गिक झिरपा जुनाच होता, कोळसा शोधणाऱ्यांची जुनी भोकंही आहेत. उपशाने त्यात भर पडली का आणि किती, हे ठामपणे सांगायला आधीचं मोजमाप हवं होतं. नदीतल्या बुडबुड्यांचं आधी कुणी मोजमाप केलंच नव्हतं.

उपसलेल्या पाण्याचं म्हणाल तर ते इथे बहुतेक आरओने शुद्ध करून शेतीला किंवा नदीला देतात. मग उरतं मीठ. त्या मिठाचं शेवटी करायचं काय, यावर अजून वाद चालू आहे.

---

वणीची_लेक
५ नोव्हेंबर, दुपारी ३.३०

मी नाशिकला नोकरी करते, माहेर यवतमाळच्या वणीजवळ. वर्धेच्या खोऱ्यात कोळसा किती आहे ते सांगायला नको. एकलहऱ्याची चिमणी दिसली की मला गावाकडच्या वॅगन आठवतात.

नाशिकमध्ये अनेकांना वाटतं की आपल्याखाली काळा पाषाण, आपला काय संबंध. पण वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. रामकुंडावर आपण ज्या नदीला हात जोडतो तिच्यातच आमच्या कोळशाच्या मुलखाचं पाणी जातं. शहडोलची सोन नदी तशीच पुढे बाणसागर धरणात आणि मग गंगेत जाते. खालच्या अंगाला कुणीतरी असतंच.

माझा प्रश्न वायूवाट यांना. पाणी शुद्ध न करता नाल्यात सोडलं आणि ते मोजमापात बसत असलं, तरी नाल्याचं काय होतं?

---

वायूवाट
५ नोव्हेंबर, रात्री ९.१५

प्रश्न रास्त आहे. जो नाला दिवाळीनंतर कोरडा पडायचा तो बारमाही वाहायला लागतो. ऐकायला हे चांगलं वाटतं. पण कोरडेपणाला सरावलेली काठाची झाडं-गवत बदलतात, काठ ढासळतात, डबक्यांत डास वाढतात. पावडर रिव्हर खोऱ्यातल्या तळ्यांमुळे वेस्ट नाइल विषाणू पसरवणाऱ्या डासांना जागा मिळाली, यावर तिथे अभ्यास झाले आहेत. सोडियम बायकार्बोनेट एका मर्यादेपलीकडे गेलं की माशांची पिल्लं तगत नाहीत, हेही तिथल्या शास्त्रज्ञांनी तपासलं आहे. खालच्या अंगाला असलेल्या माँटाना राज्याने २००३ साली टंग आणि पावडर या नद्यांसाठी क्षारांची आणि एसएआरची मर्यादाच ठरवून दिली, कारण त्यांचे शेतकरी त्या नद्यांचं पाणी चिकण मातीला देतात.

मी पाहिलेल्या राणीगंजच्या विहिरींतून पाणी त्या मानाने थोडं यायचं. मी माझ्या कामाला वाईट म्हणणार नाही, त्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. पण मास्तरांचा हिशेब वाचून एक गोष्ट कबूल करतो. आम्ही रोज टीडीएस आणि पीएच लिहायचो. सोडियमची टक्केवारी प्रयोगशाळेच्या कागदावर असायची, तिच्याकडे मी कधी शेतकऱ्याच्या नजरेने पाहिलं नाही.

आता एक अडचण. शहडोलला भूमिगत कोळसा खाणीही आहेत आणि त्या गॅसच्या विहिरींपेक्षा कितीतरी उथळ थरातून रोज पाणी उपसतात. उद्या गावची विहीर आटली तर खाणीने आटली, गॅसने आटली, की शेजारच्या दहा बोअरनी?

---

भूजलकाका
६ नोव्हेंबर, सकाळी ८.००

इथेच खरी गाठ आहे, आणि ती नंतर सुटत नाही. नोकरीत माझ्यासमोर किमान वीस वेळा लोक आटलेल्या विहिरीच्या काठावर उभे राहून म्हणाले, साहेब, आधी इथवर पाणी होतं. मी विचारायचो, लिहून ठेवलंय का? मग सगळे गप्प. खरं बोलत असूनही त्या माणसांच्या हातात काही नसायचं आणि मला अहवालात "निश्चित सांगता येत नाही" असं लिहावं लागायचं. ते वाक्य लिहिताना दर वेळी वाईट वाटलं आहे.

रानजाई, भावाला सांग, दोरी आणि वजन घेऊन विहिरी मोजायला लागा. काठावर रंगाने एक खूण करायची आणि दर वेळी तिथूनच मोजायचं. सकाळी पंप सुरू व्हायच्या आधी. वर्षातून चार वेळा तरी: जानेवारी, मेअखेर, ऑगस्ट, नोव्हेंबर. त्या भागाचा पाऊसही लिहा, नाहीतर दुष्काळाचा दोष उपशावर जाईल. आणि गॅसच्या विहिरींपासून लांबच्या दोन-तीन विहिरीही मोजा. जवळच्या उतरल्या आणि लांबच्या तशाच राहिल्या तर बोलायला जागा राहते.

---

दिंडोरीचे_मास्तर
६ नोव्हेंबर, सकाळी १०.४५

काकांना जोडून. पाणी कुठून आलं याचा एक माग रसायनातही सापडतो. खाणीत हवा लागून कोळशातलं गंधक गंजतं, म्हणून खाणीच्या पाण्यात सल्फेट येतं. गॅसच्या विहिरीच्या पाण्यात ते जवळजवळ नसतं. नमुन्यात आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून बुडबुडे थांबू द्यायचे, मग बेरियम क्लोराइडचे थेंब. पांढरा साका बसला तर सल्फेट आहे. बेरियम विषारी आहे, म्हणून हे शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखालीच करायचं.

---

भूजलकाका
६ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

मास्तर, एक सावधगिरी. आपल्या गोंडवाना कोळशात गंधक मुळातच कमी, त्यामुळे साका फिका येईल. एकट्या या चाचणीवर निकाल देऊ नका. पाण्यातल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू) जास्त खात्रीने कळतं, पण ते मोठ्या प्रयोगशाळेचं काम. गावात करण्यासारखं पहिलं काम दोरीचंच.

---

रानजाई
२ डिसेंबर, रात्री १०.१०

उशिरा लिहिते आहे, बागेत डिपिंगची, म्हणजे द्राक्षाचे घड द्रावणात बुडवायची धांदल होती.

पाणी शेताला घ्यायचं का, त्याचं उत्तर भावाने त्या शेतकऱ्याला मास्तरांच्या हिशेबासह हिंदीत लिहून दिलं: सोडियमची टक्केवारी आणि आरएससी लिहिलेला कागद हातात आल्याशिवाय एक पाळीही घेऊ नका. त्याला आमच्या वीस गुंठ्यांचे जुने फोटोही पाठवले. तोडलेल्या वेलींचे बुंधे आणि पापडी धरलेली जमीन. तो म्हणाला, आमची माती इतकी काळी नाही, जरा रेताड आहे. काकांना विचारलं तर ते म्हणाले, रेताड असेल तर नुकसान सावकाश होईल, पण भाताच्या खाचरात तळाशी चिखल दाबून बसवलेला असतो, तिथे सावध राहायलाच हवं.

विहिरींचं काम गेल्या रविवारी झालं. भाऊ, तो शेतकरी आणि तिथल्या शाळेतली सात-आठ मुलं. अकरा विहिरी मोजल्या, त्यांतल्या तीन लांबच्या. पहिल्या दिवशी दोरी ओली होऊन ताणली गेली आणि एकाच विहिरीचे दोन आकडे आले, म्हणून पुन्हा सगळ्या विहिरी प्लास्टिकच्या टेपने मोजल्या. प्रत्येक विहिरीच्या काठावर मुलांनी लाल ऑइलपेंटने रेघ मारली आणि क्रमांक टाकला. एका आजीने आपल्या विहिरीवर रेघ मारू दिली नाही. सूनबाईंनी समजावल्यावर म्हणाल्या, आधी हळदकुंकू वाहू, मग मारा.

भावाने वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला आहे. क्रमांक, विहिरीच्या मालकाचं नाव, तारीख, वेळ, खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर. सातव्या विहिरीपुढे एका मुलीने स्वतःहून लिहिलंय, "पाणी नितळ, वास नाही, बुडबुडे नाहीत." दक्षिणवारा, तुमचा मजकूर मी तिच्यापर्यंत पोचवलेला नव्हता, तिने ते आपल्या मनाने लिहिलं.

पुढचं मोजमाप जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आहे. काका, मेअखेर तिथल्या काही विहिरींत पाणी टेपपेक्षा खोल जातं म्हणतात. तीस मीटरची टेप पुरेल का, की पन्नासची पाठवू?

---

भूजलकाका
३ डिसेंबर, सकाळी ६.५५

पन्नासची पाठव. टोकाला वजन बांधायला पितळेचं काहीतरी दे, लोखंड गंजतं. आणि वहीची एक प्रत गावाबाहेर, तुझ्याकडे नाशिकला राहू दे.